मलिक अंबर व त्याची नहर

ज्या पुरुषाचे चरित्र आज विद्यार्थीमित्रांपुढे मांडावयाचे आहे, त्याची कबर खुलताबाद येथे आहे. पण त्याचे खरे स्मारक जमिनीच्या पोटात आहे, व ते पाहावयाचे तर एका दगडी तोंडातून खाली डोकवावे लागते. हा पुरुष म्हणजे निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर. आपल्या नगर जिल्ह्याशी त्याचा संबंध इतका निकटचा आहे की, सुप्याच्या मुलास तो परका वाटण्याचे कारण नाही.

त्याचा जन्म इ. स. 1548 च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाणात झाला. मूळचे नाव चापू. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला, व एका धन्याकडून दुसऱ्याकडे विकला जात बगदादेस पोहोचला. तेथील मीर कासीम नावाच्या धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्यास विद्या शिकविली व अंबर हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेऊन नगरास आणले. हा चंगीझखानही एके काळी गुलामच होता. तो वारल्यावर अंबर बंधमुक्त झाला, व विजापूर आणि गोवळकोंडे येथे शिपाईगिरी करून इ. स. 1595 च्या सुमारास परत नगरास आला.

चांदबीबीने नगरचा किल्ला मोगलांशी कसा झुंजविला ती हकीकत मुलांस ठाऊक आहे. इ. स. 1600 मध्ये किल्ला पडला, तेव्हा राज्य बुडाले असेच सर्वांस वाटले. अंबराने मात्र राजघराण्यातील एक पुरुष शोधून त्यास परांड्यास गादीवर बसविले. राजधानी कधी जुन्नरास, कधी दौलताबादेस हलवीत त्याने चपळ घोडेस्वारांच्या बळावर बलाढ्य मोगल फौजेस पंचवीस वर्षे जेरीस आणले. जहांगीर बादशहाने तर अंबराच्या शिरावर आपण बाण मारीत आहो असे चित्र काढविले. प्रत्यक्षात ते कार्य त्यास साधले नाही! चरित्रलेखकाने दोषही झाकू नयेत. ज्या राजास अंबराने गादीवर बसविले, त्याच्याशी बेबनाव होताच इ. स. 1610 मध्ये त्याने त्याचा घात करविला असे इतिहासकार सांगतात. तो काळच तसा होता, असे म्हणून हा डाग पुसता येत नाही.

त्याच सुमारास त्याने खडकी हे नगर वसविले. तेच पुढे फत्तेनगर, मग औरंगाबाद, व इ. स. 2023 पासून छत्रपती संभाजीनगर झाले. जागा मोक्याची, पण पाण्याची वाण. इ. स. 1616 मध्ये मोगलांनी शहर जाळले. तरी डगमगून न जाता अंबराने पुढील एकदोन वर्षांतच उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणण्याचे काम काढले. दरबारातील काही मंडळींनी या बेताची थट्टा केली म्हणतात. थट्टा करणारांस हे कसे ठाऊक असावे की, इराण व त्याच्या लगतच्या मुलखांत अशी भुयारे फार जुनी आहेत, आणि खुद्द नगर शहरास कापूरवाडी, शेंडी इत्यादी गावांहून जमिनीखालच्या नळांनीच पाणी येत असे? अंबराने नगरचे नळ पाहिलेच असणार.

नहरेची रचना अशी. जमिनीत मुरलेले पाणी भिंतींच्या सांध्यांतून भुयारात झिरपावे, व सौम्य उताराने आपोआप वाहत जावे. भुयारावर ठिकठिकाणी विहिरीसारखी बांधीव तोंडे ठेवली आहेत. त्यांची संख्या सुमारे 140 सांगतात. त्यांस आपण उसासे म्हणू. त्यांतून आत हवा खेळते, व माणूस उतरून गाळ काढू शकतो. उसासा ढासळला की माती पडून भुयार तुंबते. म्हणजे नहरेचा जीव तिच्या तोंडांत आहे.

इ. स. 1624 मध्ये नगरच्या पूर्वेस भातवडी येथे अंबराने पाण्याचा निराळाच उपयोग केला. मोगल व आदिलशाही फौजा एकवटून आल्या असता त्याने तेथील तलावाचा बांध फोडला, वाटांचा चिखल केला व शत्रूचा मोड केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. इ. स. 1626 मध्ये अंबर वारला, आणि शत्रूच्या बखरकारानेही त्याच्या कर्तृत्वाची वाखाणणी केली. दहा वर्षांत निजामशाही संपली. नहर मात्र पुढे कित्येक पिढ्यांस पाणी देत राहिली.

आता तिची तोंडे जीर्ण झाली आहेत. काही फुटली, काहींवर घरे उठली, काहींत सांडपाणी शिरले. ही शेवटची गोष्ट सर्वांत घातक होय. शहरांच्या भुयारी गटारांस जी तोंडे असतात, त्यांस मॅनहोल म्हणतात. तेथे मैला कुजून विषारी वायू निघतो. ओलसर भिंतीवर सूक्ष्म जंतू त्याचे गंधकाम्ल करतात, आणि ते सिमेंटातील चुना खाऊन भिंत लगद्यासारखी मऊ करून सोडते. यावर अलीकडे असा उपाय करतात की, भिंत पाण्याच्या जोरदार माऱ्याने धुवावी, गळती बुजवावी, मग कठीण मसाला किंवा इपॉक्सीसारखी राळ आतून फवारून अखंड अस्तर चढवावे. फिरते तोंड असलेली नळी वरूनच सोडून हे अस्तर फवारता येते. त्यामुळे त्या कामापुरते तरी माणसास खाली उतरावे लागत नाही. हा लाभ लहान नव्हे. त्या वायूने आपल्या देशात कितीतरी गरीब कामगारांचे प्राण घेतले आहेत, व इ. स. 2013 च्या कायद्याने माणसास असुरक्षितपणे गटारात उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे.

नहरेस हे राळेचे अस्तर सरसकट लावू नये, असे आमचे मत आहे. गटाराची भिंत बंद हवी. नहरेची भिंत पाझरती हवी. राळ फवारली तर ज्या सांध्यांतून पाणी आत येते तेच बुजतील. उसाशांच्या वरच्या भागास घाणीत मळलेल्या चुन्याचा गिलावा करावा, वर झाकण बसवावे, आणि त्याआधी सांडपाण्याची वाट दुसरीकडे काढावी. हे काम न झाल्यास कोणतेही अस्तर व्यर्थ जाईल.