सुमोतले मूळगावकर आणि तुमच्या घरची नवी गाडी

मालवणहून चौके, धामापूर, नेरूरपार करत कुडाळला जाणारा वळणावळणाचा रस्ता तुम्हाला पाठ असेल. याच रस्त्यावरून वऱ्हाड कोंबून निघालेली सुमोही आठवत असेल. पण सुमो हे नाव आलं कुठून? जपानी पैलवानांवरून? नाही! सुमंत मूळगावकर या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं घेतली आणि सुमो तयार झालं.

मूळगावकरांचा जन्म 1906 चा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. भारतात परतल्यावर काही वर्षं सिमेंट उद्योगात काढली आणि 1949 मध्ये टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये आले. तेव्हा ही कंपनी जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवायची. 1954 मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार झाला आणि ट्रक सुरू झाले. 1969 ला करार संपला, तोपर्यंत आपल्या माणसांना सगळं जमायला हवं, हा त्यांचा हट्ट. म्हणून पुण्यात 1966 मध्ये संशोधन केंद्र उभं राहिलं. पिंपरीच्या उजाड माळावर कारखान्यासोबत त्यांनी झाडं लावली, तळंही केलं. गावागावांत फिरणारा 407 टेम्पो 1986 मध्ये आला, तोही त्यांच्याच काळात.

त्यांची एक गोष्ट आजही सांगतात. दुपारी जेवायला ते हायवेवरच्या ढाब्यावर जायचे आणि ट्रक ड्रायव्हरना विचारायचे, गाडी कुठे त्रास देते? गाडी कशी आहे हे ती चालवणाऱ्यालाच माहीत, हा त्यामागचा साधा हिशोब.

त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर यांचं कामही मोठं. भारतात ऐच्छिक रक्तदानाची चळवळ रुजवणाऱ्यांत त्या आघाडीवर होत्या. त्यांना 1963 मध्ये पद्मश्री मिळाली. अपघातात सापडलेल्या माणसासाठी रक्ताची बाटली म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मूळगावकर 1989 मध्ये गेले. सुमो आली 1994 मध्ये, म्हणजे आपल्या नावाची गाडी त्यांनी पाहिलीच नाही. ती दणकट होती, पण मागच्या समोरासमोरच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेल्यांना ना बेल्ट, ना एअरबॅग. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

आता तुमच्याकडे येऊ. गणपतीआधी घरी एसयूव्ही घ्यायचं चाललंय आणि मोबाईलवर गाड्या बघायचं काम तुमच्यावर आलंय, बरोबर? मग मूळगावकरांसारखं करा. आधी गाडीत बसणाऱ्यांचा विचार करा, सनरूफचं नंतर बघू.

मागे मधोमध आजी बसणार? मग तिथे खांद्यावरून येणारा तीन-पॉइंट बेल्ट आहे का बघा. ताईचं बाळ असेल, तर चाइल्ड सीट पक्की बसवायला आयसोफिक्स हवं. बाजूच्या धडकेसाठी कर्टन एअरबॅग विचारा. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे वळणावर ती उलटण्याचा धोका जास्त. म्हणून ईएससी हवंच. गाडी घसरायला लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरतं. आंबोली किंवा फोंडा घाटात पावसात उतरताना याची किंमत कळते.

ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली क्रॅश टेस्ट सुरू झालीय. त्यात समोरची धडक ताशी 64 किलोमीटर वेगानं घेतात. मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे असतात, दोन्ही बघा. आणि एसयूव्हीच हवी असं काही नाही. 2018 मध्ये टाटा नेक्सॉन ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, तसे 2024 मध्ये मारुती डिझायरलाही मोठ्यांसाठी पाच मिळाले, आणि ती तर साधी सेडान. स्टार नसलेल्या उंच गाडीपेक्षा ही बरी नाही का?

शोरूममध्ये बाबा मायलेजचं विचारतीलच. मागच्या सीटचं तुम्ही विचारा. आणि गाडी घरी आली की मागे बसणाऱ्या प्रत्येकाला बेल्ट लावायला लावायचं कामही तुमचंच, आजी कितीही कुरकुरली तरी!