वर्धेचे खानखोजे मेक्सिकोत मक्यासाठी गाजले

वर्धा : मेक्सिकोत मक्याच्या संशोधनासाठी नावाजलेला माणूस आपल्या वर्धेचा, हे जिल्ह्यातच कितीजणांना माहीत आहे? पांडुरंग सदाशिव खानखोजे. इंग्रजांविरुद्ध लढायचं म्हणून तरुणपणीच घर सोडलं. आधी जपान, मग अमेरिका. तिथं लष्करी शाळेत शिकले, शेतीची पदवीही घेतली. 1913 मधल्या गदर चळवळीच्या सुरुवातीच्या मंडळीत ते होते.

पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांशी लढले. तिथं मुसलमानी नाव, मुसलमानी वेश. त्यामुळे त्यांचा माग काढणं पोलिसांनाही जड गेलं अन् पुढे घरच्यांनाही. लेक सावित्री साहनी यांनी वडिलांचं चरित्र लिहिलं, तेव्हा एका माणसाचं आयुष्य वेगवेगळ्या देशांतून गोळा करावं लागलं.

1924 च्या सुमारास ते मेक्सिकोला पोचले. बंदूक सुटली, बियाणं हाती आलं. चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित जाती काढल्या, गरीब शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तिथला मोठा चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना भिंतीवरच्या चित्रात भाकरी मोडताना रंगवलं. लग्न बेल्जियमच्या बाईंशी झालं.

देश स्वतंत्र झाला, तरी यायला लगेच परवानगी मिळेना. इंग्रजांच्या जुन्या बंदीत त्यांचं नाव तसंच राहिलेलं! शेवटी ती उठली आणि ते नागपुरात राहायला आले. 1967 मध्ये तिथंच वारले. चापिंगोत 2022 साली त्यांचा पुतळा उभा राहिला.