साने गुरुजी : स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील सत्त्वपरीक्षा

स्वातंत्र्यलढा म्हटला की परकीय सत्तेशी झालेला संघर्ष आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु येणारे स्वातंत्र्य कोणाकोणाचे, हा प्रश्न स्वकीयांना विचारण्यासही धैर्य लागते. पांडुरंग सदाशिव साने यांचे चरित्र आपण या दृष्टीने अभ्यासावे.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. दारिद्र्याशी झगडत शिक्षण पूर्ण करून १९२४ मध्ये ते अमळनेर येथे शिक्षक झाले आणि वसतिगृहातील मुलांचे साने गुरुजी बनले. १९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. तुरुंगवास हीच त्यांची दुसरी शाळा ठरली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील भाषांशी परिचय झाला व त्यातून पुढे आंतरभारतीची कल्पना आकारास आली. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ साकारली.

त्यांच्या नैतिक धैर्याची खरी कसोटी मात्र तुरुंगाबाहेर लागली. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानलेल्या भाविकांना प्रवेश नव्हता. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागृत केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. सनातन्यांचा विरोध अपेक्षितच होता. पण ज्या गांधीजींना ते गुरुस्थानी मानत, त्यांनीही उपोषण सोडण्याचा सल्ला दिला. स्वभावाने हळव्या असलेल्या या माणसाला तो आघात किती जड गेला असेल, याची आपण कल्पना करू शकता. तरीही त्यांनी गांधीजींविषयीचा आदर ढळू दिला नाही आणि निश्चयही सोडला नाही. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर उपोषण सुटले.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी देश स्वतंत्र झाला. दार उघडले म्हणून मनातली अस्पृश्यता संपत नाही, हे गुरुजी जाणून होते. म्हणूनच त्यांनी १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

विरोधकांपुढे ठाम राहणे आणि श्रद्धास्थानाशी नम्रपणे असहमत होणे, यांपैकी अधिक कठीण काय? या प्रश्नाचा विचार आपण स्वतःच्या अनुभवाच्या आधारे अवश्य करावा.