शिलालेख वाचणारे डॉक्टर

करी रोडहून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल पकडली की चिंचपोकळीनंतर भायखळा येते. लालबाग-परळची मुले पिढ्यानपिढ्या तिथे राणीच्या बागेत जात आली आहेत. बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेले संग्रहालय आहे. ते उभारण्यात भाऊंचा मोठा वाटा होता, हे अनेकांना माहीत असते. पण हे डॉक्टर एकीकडे कुष्ठरोगावर औषध शोधत होते आणि त्याच सुमारास आर्यभटाचा काळही निश्चित करत होते, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यांचे मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या पेडणे परिसरातला, १८२०च्या दशकातला. पोटापाण्यासाठी कुटुंब मुंबईला आले. वडील मातीच्या बाहुल्या विकत. बुद्धिबळातली मुलाची हुशारी एका इंग्रजाच्या नजरेत भरली आणि त्याने वडिलांना त्याला इंग्रजी शिकवण्याचा आग्रह केला. एल्फिन्स्टनमध्ये शिकून भाऊ तिथेच शिक्षक झाले. १८४५मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१मध्ये पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला.

त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचा इलाज नव्हता. रोग्याला घर आणि गाव दोन्ही पारखे होत. भाऊंना संस्कृत उत्तम येत असे, त्यामुळे जुन्या वैद्यकग्रंथांत या रोगावर काय सांगितले आहे ते त्यांनी वाचले. मात्र ग्रंथात आहे म्हणजे खरेच, असे त्यांनी मानले नाही. ग्रंथात आहे म्हणजे टाकाऊच, असेही मानले नाही. औषध रोग्याला देऊन गुण येतो का, हे त्यांनी पाहिले. त्यांनी वापरलेले तेल कडू कवठीच्या जातीतल्या झाडाच्या बियांचे होते. पश्चिम समुद्राकाठच्या प्रदेशात वाढणाऱ्या तुवरक या झाडाचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे, आणि ते झाड म्हणजे हेच असे मानले जाते.

इतिहासातही त्यांची रीत तीच होती. अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख त्यांनी नव्याने वाचून प्रसिद्ध केले. आर्यभट नावाच्या दोन ज्योतिर्विदांची तेव्हा सरमिसळ होत असे. भाऊंनी १८६४मध्ये मलबारातून ‘आर्यभटीया’च्या हस्तलिखित प्रती मिळवल्या. कलियुगाची ३,६०० वर्षे सरली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे आर्यभटाने त्यात स्वतःच नोंदवले आहे. गणित सोपे होते : ते साल इसवी सन ४९९, म्हणून जन्म ४७६चा. नावाचा निकालही त्यांनी असाच लावला. ‘आर्यभट्ट’ असे जोडाक्षर घातले तर बहुतेक श्लोकांत वृत्त मोडते, म्हणून खरे नाव आर्यभट.

चाळीसगावजवळच्या पाटणे येथे त्यांना आणखी एक मोलाचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला होता. १२०७ सालच्या या दगडामुळे भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती हाती आली.

तपासून जे दिसले ते सांगायचे, मग समोर कोणीही असो, हा बाणा कोर्टातही दिसला. १८६२मधल्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात समाजसुधारक करसनदास मुळजी प्रतिवादी होते आणि वल्लभ संप्रदायाचे बलाढ्य महाराज वादी. महाराजांना झालेल्या गुप्तरोगाबद्दल भाऊंनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली. करसनदास जिंकले.

मानमरातब खूप मिळाले. १८६९ आणि १८७१मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. पण १८६५मध्ये शेअरबाजार कोसळला, त्यात त्यांनाही मोठी झळ बसली. शेवटी अर्धांगवायूने गाठले आणि १८७४मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. कालिदास म्हणजेच काश्मीरचा मातृगुप्त, हे त्यांचे मत आज मान्य नाही. कडू कवठीच्या तेलाने काहींना बरे वाटे, पण रोग मुळापासून जात नसे. शिवाय ते पोटात घेतल्यावर मळमळ आणि उलट्या होत. तरीही याच जातीच्या झाडांची तेले १९४०च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर वापरात राहिली, कारण त्यांहून बरे काही नव्हते. भाऊंच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले होते. औषधाने नेमके कोणाला मारायचे, हे त्यानंतर हळूहळू उमगत गेले.

आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यांत औषधे मोफत मिळतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाजून लपवू नये, लगेच दाखवावे. उशीर झाला तर नसा कायमच्या निकामी होतात. जुन्या पोथीतला उपाय असो की मोबाइलवर फिरणारा, ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ आणि ‘पूर्वजांना काहीच ठाऊक नव्हते’ ही दोन्ही वाक्ये म्हणायला सोपी आहेत. भाऊंनी त्यांतले एकही म्हटले नाही. त्यांनी पोथी उघडली, दगड वाचला आणि रोगी तपासला.