गणिताच्या गोळ्या

मूल एका जागी बसत नाही, काही गोळी द्या, असे ठाणे-डोंबिवलीचे पालक आज सहज विचारतात. या गोळीची सुरुवात डॉ. चार्ल्स ब्रॅडली (१९०२–१९७९) यांच्यापासून झाली.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडला, मेंदूज्वराने अधू झालेल्या एमा या मुलीच्या आईवडिलांच्या देणगीतून बालमनोरुग्णालय उभे राहिले होते. तिथे मुलांच्या कण्यातून पाणी काढून हवा भरत आणि मेंदूचा एक्स-रे घेत. मुलांना विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हतीच! तपासणीनंतर डोके भयंकर दुखे, म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन दिले. डोकेदुखी हटली नाही; पण काही मुले चक्क अभ्यासाला बसली. गणिताच्या गोळ्या हे नाव मुलांनीच ठेवले.

१९३७ मध्ये त्यांनी ३० मुलांचे निरीक्षण छापले. औषध फक्त आठवडाभर दिले होते. १४ जणांची अभ्यासात मोठी प्रगती झाली, उरलेल्या सोळांची तशी नाही. ही मुले चोवीस तास परिचारिका आणि शिक्षकांच्या नजरेखाली होती, हे आपण सहसा विसरतो. सरसकट गोळी दिली तर लक्षणे दबतील आणि मुलाच्या त्रासाचे खरे कारण झाकले जाईल, असा इशारा ब्रॅडलींनी त्याच लेखात देऊन ठेवला होता.