स्वतःच्या कमाईला मुकलेला बालतारा

चार्ली चॅप्लिनचा 'द किड' पाहिलेल्या रसिकाला त्यातील ते लहानगे पोर विसरता येत नाही. डोळ्यांवर येणारी मोठी टोपी, ढगळ विजार आणि अनाथालयाची माणसे ओढून नेत असताना त्याने फोडलेला टाहो! १९२१ साली पडद्यावर आलेल्या या मूकपटाने जॅकी कूगन हे नाव जगभर पोहोचवले. मात्र पडद्यावरच्या या पोरक्या पोराला खऱ्या आयुष्यातही एका वेगळ्या पोरकेपणाला सामोरे जावे लागले.

जॅकीचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. आई-वडील दोघेही रंगमंचावरचे कलावंत. वडिलांच्या कार्यक्रमात चिमुकला जॅकीही चमकत असे. तेथेच चॅप्लिनची नजर त्याच्यावर पडली. १९१९ च्या 'अ डेज प्लेझर'मध्ये त्याला लहानशी भूमिका मिळाली आणि त्यानंतर 'द किड'. चॅप्लिनची प्रत्येक लकब हुबेहूब उचलण्याची त्याची हातोटी विलक्षण होती.

पुढची काही वर्षे अक्षरशः सोन्याची होती. 'पेक्स बॅड बॉय', 'ऑलिव्हर ट्विस्ट' असे चित्रपट एकापाठोपाठ आले. त्याच्या नावाच्या बाहुल्या आणि खाद्यपदार्थ बाजारात विकले जाऊ लागले. १९२४ साली युद्धाने होरपळलेल्या पश्चिम आशियातील निराधार मुलांसाठी त्याने दौरा काढला आणि दहा लाख डॉलरहून अधिक किमतीची मदत गोळा केली. त्याची स्वतःची बालपणातील कमाई तीस ते चाळीस लाख डॉलरच्या घरात असावी, असा अंदाज आहे. त्याच्या हाती मात्र आठवड्याला अवघे सव्वासहा डॉलर पडत.

वय वाढले तशी लोकप्रियता ओसरली. मे १९३५ मध्ये मोटार अपघातात वडिलांचा मृत्यू झाला. त्याच गाडीतला जॅकी तेवढा बचावला. ऑक्टोबरमध्ये त्याला २१ वर्षे पूर्ण झाली. आता आपली पुंजी आपल्याला मिळेल, अशी त्याची समजूत होती. पण आईने कुटुंबाचा आर्थिक कारभार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टीनशी विवाह केला होता आणि दोघांनीही पैसे देण्यास नकार दिला. अखेर १९३८ साली जॅकीने आई आणि सावत्र वडिलांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

कॅलिफोर्नियातील तत्कालीन कायदा आईच्या बाजूचा होता. अज्ञान मुलाच्या कमाईवर पालकांचा हक्क मानला जाई. जॅकीला काही देण्याचे वचन कधी दिलेच नव्हते, अशी आईची भूमिका होती. मोटारी, दागदागिने आणि चैनीत बहुतेक संपत्ती उडून गेली होती. तडजोडीअंती जॅकीच्या पदरी सुमारे १,२६,००० डॉलर पडले. ओढगस्तीच्या त्या दिवसांत चॅप्लिनने त्याला एक हजार डॉलर दिले होते.

या खटल्याने अमेरिकेचे लोकमत हळहळले. १९३९ साली कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या मिळकतीचा काही भाग राखून ठेवण्याची तरतूद करणारा कायदा केला. तो आजही 'कूगन कायदा' म्हणूनच ओळखला जातो. त्यातील पळवाटा बुजवायला मात्र २००० साल उजाडावे लागले. तेव्हापासून मुलाची कमाई त्याचीच मानली जाते आणि किमान १५ टक्के रक्कम त्याच्या नावे ठेवावी लागते. भारतात २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक केले.

जॅकी मात्र कडवटपणा कवटाळून बसला नाही. १९४१ मध्ये तो सैन्यात दाखल झाला आणि पुढे ग्लायडरचा वैमानिक बनला. मार्च १९४४ मध्ये आसामातील लालाघाट येथून उडालेली ग्लायडर विमाने रात्रीच्या अंधारात ब्रह्मदेशातील जपानी फळीमागे सैनिक उतरवत होती. त्या धाडसी मोहिमेत तोही होता. युद्धानंतर मिळतील त्या दुय्यम भूमिका त्याने केल्या. १९६४ ते ६६ या काळात गाजलेल्या 'द ॲडम्स फॅमिली' या दूरचित्रवाणी मालिकेतील टक्कल केलेल्या, विक्षिप्त अंकल फेस्टरने त्याला पुन्हा घराघरात नेले. हाच तो 'द किड'मधला गोंडस पोर, हे अनेकांना सांगूनही खरे वाटत नसे.

१ मार्च १९८४ रोजी सांता मोनिका येथे वयाच्या ६९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या वाट्याची संपत्ती त्याला कधीच परत मिळाली नाही. पण त्याच्यामागून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या असंख्य मुलांच्या नावे आज बँकेत जी शिल्लक जमा होते, तिच्यावर जॅकी कूगनचे नाव कायमचे कोरले गेले आहे.