बगदादचे पद सोडणारे इमाम

इमाम गज्जाली (रह.) यांचा जन्म हिजरी 450 (इ. स. 1058) मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. वडील लवकर निवर्तले. त्यांची तुटपुंजी ठेव संपली, तेव्हा निदान पोटाला अन्न मिळावे म्हणून दोघा भावांना मदरशात जावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे 1091 मध्ये वझीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक नेमले. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. उपाशी दिवस पाहिलेल्या मुलाने याहून अधिक काय मागावे?

परंतु स्वतःच्या नीयतीची झडती घेता त्यांना आढळले की, आपल्या अध्यापनामागे अल्लाहची प्रसन्नता नसून कीर्तीची ओढ आहे. पद सोडावे की राहावे, या घालमेलीत 1095 मधील सुमारे सहा महिने गेले. जीभ वळेना, घास उतरेना. हकिमांनी हात टेकले.

अखेर मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून उरलेली संपत्ती त्यांनी वाटून टाकली आणि बगदाद सोडले. दमास्कसच्या जामा मशिदीच्या मिनारात ते दार लावून दिवसभर एकांतात बसत. पुढे हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या मजारीपाशी त्यांनी तीन निश्चय केले: सुलतानाचे धन घ्यायचे नाही, दरबारात जायचे नाही, वादविवादात उतरायचे नाही. यांतला तिसरा मला सर्वांत अवघड वाटतो, कारण वादात इतरांवर मात करण्यातूनच त्यांचा लौकिक वाढला होता.

1106 मध्ये निशापूरला ते पुन्हा शिकवू लागले; मात्र आता मान मिळवून देणारी नव्हे, तर मानाचा मोह सोडायला लावणारी विद्या. अखेरीस तूसला घराशेजारी मदरसा व खानकाह उभारून ते राहिले. तेथेच 1111 मध्ये त्यांचे निधन झाले.